दोन रुळांवरून आलेली अक्षरं

लातूरला रेल्वे आली ती 1911 साली, बार्शीहून. अडीच फुटी रुळांची गाडी, बार्शी लाइट. नांदेडला ती त्याआधीच, 1900च्या सुमारास आली होती; मनमाडहून निघून औरंगाबाद, जालना, परभणी करत सिकंदराबादला जाणारी मीटरगेज. दोन्ही गावं निजामाच्या मुलखातली. पण लातूरचा रूळ हद्द ओलांडून इंग्रजी अमलातल्या बार्शी-कुर्डुवाडीला जाऊन मिळत होता, तर नांदेडचा माणूस गाडीत बसला की बहुधा हैदराबादेत उतरायचा. या दोन गावांनी काय वाचलं हे पुष्कळसं या रुळांनी ठरवलं, असं मला फार दिवसांपासून वाटत आलं आहे. आमच्या घरात दोन्ही गावं एकत्र आली म्हणून हे मला दिसलं. आई लातूरची, वडील नांदेडचे.

आईचे वडील, अण्णा, गंजगोलाईतल्या एका आडतीवर मुनीम होते. सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात त्या गोलाईत तूर, करडई, गुळाच्या ढेपा यांच्यामध्ये त्यांचं आयुष्य गेलं. हिशेब मोडीत लिहायचे, वाचायचे बाळबोध. गाडीनं बार्शीला मालाबरोबर जाणारा माणूस परतताना पिशवीच्या तळाला वर्तमानपत्र घालून आणायचा. स्टेशनावर करोडगिरीचे लोक, म्हणजे निजामाचे जकातवाले, सामान उचकून बघत. कापड दिसलं तर जकात, छापील कागद दिसला तर चौकशी. अण्णा सांगायचे, "मिरच्याच्या पोत्यात हात घालायला कुणी धजत नव्हतं, म्हून पेपर तितं." अंक दोन-चार दिवस शिळा असे. त्याला मिरचीचा ठसका असे. आडतीचं दार अर्धं ओढून घेत, आधी बार्शी-सोलापूरचे भाव वाचले जात, मग बातम्या. वाचणारे अण्णा एकटे. ऐकायला हमाल, तोलणारे, गाडीवान, माल घेऊन मुक्कामाला आलेले शेतकरी. गावोगावी परत गेले की हेच लोक ऐकलेलं पुढं सांगत.

त्या काळी हैदराबाद संस्थानात शंभरात दहा माणसांनाही अक्षरओळख नव्हती. छापलेल्या प्रती मोजून वाचकांचा अंदाज बांधणाऱ्याला अण्णांच्या आडतीवरची माणसं सापडणारच नाहीत. आमच्याकडं वाचक हा आधी ऐकणारा होता. मराठवाड्याच्या वाचनाचा इतिहास लिहायचा तर तो कानांपासून लिहायला हवा, हे मी आग्रहानं म्हणतो.

आ. कृ. वाघमारे यांनी 1938 साली 'मराठवाडा' हे साप्ताहिक काढलं ते पुण्याहून. ज्या प्रदेशासाठी काढलं तिथं ते छापणं शक्य नव्हतं. निजाम सरकारनं बंदी घातली की ते दुसऱ्या नावानं निघे, त्यावर बंदी आली की तिसऱ्या. अण्णांना ही बदललेली नावं नीट आठवत नसत. त्यांच्या लेखी तो शेवटपर्यंत 'वाघमाऱ्यांचा पेपर' होता. एका प्रदेशाला आपण एक आहोत हे कळायला त्याचं नाव मथळ्यावर छापलेलं दिसावं लागतं. आमच्या बाबतीत ते दुसऱ्याच्या मुलखात छापून, मिरच्यांतून आलं.

नांदेडकडची गोष्ट वेगळी. वडिलांचे वडील, दादा, उर्दूत शिकले. सरकारी शाळेत मराठी खालच्या वर्गांपुरती, पुढं सगळं उर्दू, आणि वर 1918 साली स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठ, तेही उर्दू माध्यमाचं. दादांचं उर्दूवर मनापासून प्रेम होतं. इक्बाल त्यांना पाठ होता, प्रेमचंद त्यांनी उर्दूतच वाचला. अन्याय त्या भाषेचा नव्हता. अन्याय हा होता की कचेरीचं, अदालतीचं, नोकरीचं दार फक्त तिच्याच किल्लीनं उघडत होतं आणि बाहेर उभ्या असलेल्या बहुसंख्यांची भाषा मराठी, तेलुगू किंवा कन्नड होती.

दादांची मराठी पक्की झाली ती दोन ठिकाणी. एक हैदराबादच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात. 1922 सालापासून ही संस्था तिथं मराठी माणसाला पुस्तक देते आहे. दुसरं ठिकाण घरचं. चातुर्मासात ओट्यावर पोथी लागे. श्रीधराचा 'हरिविजय', मग 'पांडवप्रताप'. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेले हे ग्रंथ विसाव्यात आमच्या ओट्यावर रोज वाचले जात होते. पोथ्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घेतलेल्या. घोडे-उंटांच्या बाजाराजवळ पंचांगं, पोथ्या, लावण्यांची चोपडी घेऊन विक्रेते बसत. माझी आजी, आम्ही तिला माय म्हणायचो, अक्षरशत्रू होती. पण वाचणाऱ्यानं ओवीचा चरण गाळला की ती जात्यावरूनच हटकायची, "थांब, मधलं खाल्लंस." दादा म्हणत, उस्मानियातल्या कुठल्याही परीक्षकाची त्यांना एवढी धास्ती वाटली नाही.

सभा घ्यायची तर परवानगी, खाजगी शाळा काढायची तर परवानगी, असा तो काळ. गश्त्या, म्हणजे सरकारी फर्मानं, गावच्या चावडीवर वाचून दाखवत. त्यामुळं वाचनालय ही नुसती पुस्तकांची जागा राहिली नाही. परभणीचं गणेश वाचनालय निजामाच्या राजवटीतलंच. वाचनालयाचा वार्षिक उत्सव, पोथीची समाप्ती, गणपतीपुढचं कीर्तन, यांतून चार माणसं एकत्र बसायला शिकली. 1937 साली हैदराबादेत निजाम राज्य मराठी साहित्य परिषद उभी राहिली, त्याच वर्षी परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. एक साहित्याची, एक राजकारणाची. पण दोन्हीकडची माणसं बरीचशी तीच होती. 1947-48 साली पैनगंगेपलीकडं उमरखेडला, तिकडं बार्शी-सोलापूरला हद्दीवर निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्वातंत्र्यसैनिकांच्या छावण्या पडल्या. तिथली चक्रमुद्रित पत्रकं रात्री गावात पोचली तेव्हा ती वाचायची कशी, कुणाच्या ओट्यावर, हे लोकांना पोथीनं आधीच शिकवलेलं होतं.

पण त्या ओट्याचं एवढंच सांगून पुढं जाणं मला पटत नाही. ओट्यावर सगळे नव्हते. गावकुसाबाहेरच्या माणसांना पोथी ऐकू आलीच तर लांबून. माझ्या एका वर्गमित्राचे वडील बिलोलीकडचे. त्यांच्या गावात त्यांना अक्षर मिळालं ते बाबासाहेबांमुळं. 1950 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तेच पुढं मिलिंद. गावातला पहिला मुलगा तिथं गेला आणि सुट्टीत येताना पुस्तकं घेऊन आला. पुढं गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' हे नियतकालिक वस्तीत येऊ लागलं. जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मांडलेल्या पालांवर आठ-बारा पानांच्या पुस्तिका मिळत, चहाच्या दरात. मराठी प्रकाशन व्यवहाराची चर्चा करणारे या पालांकडं क्वचितच बघतात. माझ्या मते गेल्या साठ-सत्तर वर्षांत मराठवाड्याचं मन सर्वांत जास्त बदललं ते या पुस्तिकांनी.

1978 साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि ऑगस्टमध्ये नांदेड जिल्ह्यात दलित वस्त्या पेटल्या. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांचा खून झाला. मित्राचे वडील सांगतात, त्या रात्री घर सोडून ज्वारीत लपताना त्यांनी पत्र्याची पेटी बरोबर घेतली होती. भांडी मागं राहिली. पेटीत पुस्तकं होती. "भांडी पुना घेता येतेत," एवढंच ते म्हणतात आणि विषय बदलतात.

नांदेडबद्दल बोलताना आणखी एक गोष्ट सुटता कामा नये. 1708 साली याच गावात गुरू गोविंदसिंगांनी आपल्यामागं देहधारी गुरू नसेल, ग्रंथ हाच गुरू, असं सांगितलं. सचखंड हुजूर साहिबला रोज त्या ग्रंथाचं वाचन होतं. लहानपणी दादा मला तिथं नेत आणि सांगत, "नीट ऐक, इथं पुस्तकाला उठून उभं राहतात." गुरुमुखी आम्हांला येत नव्हती. तरी आम्ही बसून ऐकायचो.

1948च्या पोलिस ॲक्शननंतर, म्हणजे निजामाची राजवट संपल्यावर, चित्र झपाट्यानं पालटलं. 1950 साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पिढीचं ते स्वप्न होतं. तिथं पुढं प्राचार्य झाले ते नरहर कुरुंदकर. कुरुंद्याचा हा मुलगा हैदराबादेत मामा नांदापूरकरांकडं शिकला, इंटरला पुन्हा पुन्हा अडकला, आधी प्रतिभा निकेतन शाळेत मास्तर झाला. 1968 साली 'श्रीमान योगी' आली तिला प्रस्तावना म्हणून छापलं गेलं ते कुरुंदकरांनी रणजित देसाईंना लिहिलेलं पत्र. पुण्या-मुंबईनं नांदेडकडं वळून बघितलं. पण आमच्याकडं कुरुंदकर अधिक पोचले ते बोलून. एसटीनं, मिळेल त्या गाडीनं तालुक्याच्या गावी जायचं, नाट्यशास्त्रापासून मनुस्मृतीपर्यंत वाटेल त्या विषयावर बोलायचं. ज्या माणसांनी 'जागर' किंवा 'शिवरात्र' कधी हातात धरलं नाही त्यांनी त्यातले मुद्दे ऐकले होते. अण्णा त्यांच्या व्याख्यानाला लातुरात जमिनीवर बसले होते आणि घरी येऊन लातूरच्या आजीला ते सगळं पुन्हा सांगितलं, जसा आडतीवर पेपर वाचायचे तसं. 10 फेब्रुवारी 1982ला कुरुंदकर गेले, पन्नाशीही गाठली नव्हती. त्या दिवशी दादांनी रेडिओ बंद केला आणि पुन्हा बरेच दिवस लावला नाही.

नंतरची हकीकत मी थोडक्यात सांगतो. 1967च्या ग्रंथालय कायद्यानं गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळू लागलं, अ-ब-क-ड असे वर्ग पडले. चांगली वाचनालयं त्यानं जगली. काही फक्त कागदावर जगली. 2012च्या पडताळणीत ती उघडी पडली. छपाई दारात आली. नांदेडला निर्मल, संगत, इसाप, लातूरला अरुणा, मुक्तरंग यांनी इथल्या लिहिणाऱ्यांना पुण्याची वाट बघायला लावली नाही, हे मोठं काम आहे. मात्र 2010नंतर प्राध्यापकांच्या पदोन्नतीला पुस्तकाचे गुण मिळू लागले आणि वाचकाचा विचारही न करता छापलेल्या ग्रंथांचे गठ्ठे वाढले. वाघमाऱ्यांच्या काळी वाचक होता, छापखाना नव्हता.

2023 साली मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. निजामकाळचं दप्तर उर्दूत आणि मोडीत. ते वाचणारी माणसं हुडकावी लागली. दादा आणि अण्णा दोघंही तेव्हा नव्हते. दोन पिढ्यांपूर्वी माझ्या दोन घरांत जे वाचता येत होतं ते आज मला येत नाही, आणि लाखो लोकांचा आरक्षणाचा हक्क त्या कागदांवर अवलंबून आहे.

मी ज्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत आहे तिथली अभ्यासिका आज पहाटे पाचला भरते. लातूर पॅटर्नच्या या मुलखात नीट, एमपीएससी, पोलिस भरती करणारी मुलं डोकं वर न काढता रात्रीपर्यंत वाचतात. त्यांना वाचनाची गोडी नाही असं म्हणणाऱ्यांशी मी भांडतो. दिवसाचे बारा-चौदा तास पुस्तकापुढं बसणाऱ्या मुलांना आपण ग्रंथदालनात कधी बोलावलंच नाही. दालन वरच्या मजल्यावर, संध्याकाळी दोन तास उघडं. म्हणून पुस्तकांचं एक कपाट अभ्यासिकेतच, कुलपाविना ठेवावं आणि शनिवारी रात्री तासभर कुणीतरी मोठ्यानं वाचावं, असा ठराव मी मांडला. पुस्तकं हरवतील, असा आक्षेप आला. हरवू द्या, म्हटलं, हातात जाऊनच हरवतील ना. ठराव मंजूर झाला. रा. रं. बोराड्यांच्या 'पाचोळा'नं सुरुवात करायची यावर सगळ्यांचं लगेच जमलं. नंतर काय, यावर सभा अजून भांडते आहे. मुलांचं म्हणणं 'जागर', ग्रंथपालांचं म्हणणं आधी बी. रघुनाथांच्या कथा, आणि मित्राच्या वडिलांनी आपल्या पेटीतल्या चार पुस्तिका आणून टेबलावर ठेवल्या आहेत.