मांडेल्लोचा बोगदा आणि कापली गेलेली शेपटी

भोसरीतल्या माझ्या शेडमध्ये मोटरसायकलचे डूम, साइड पॅनेल, मडगार्ड असा फायबरचा माल निघतो. साच्याला मेण चोळायचं, जेलकोट मारायचा, मॅट अंथरून रेझिन पाजायचं, रोलर फिरवून बुडबुडे काढायचे. त्यामुळे कुठलीही गाडी दिसली की माझी नजर आधी तिच्या अंगावरून फिरते, इंजिनाकडे नंतर वळते. गिऱ्हाइकाला पुढचं नाक टोकदार हवं असतं आणि पाठोपाठ विचारणा असते, ‘याने अ‍ॅव्हरेज वाढेल ना?’ हाच प्रश्न इटलीत कोमो सरोवराच्या काठी, मांडेल्लो देल लारिओ या गावात, पाऊणशे वर्षांपूर्वी फार गांभीर्याने विचारला गेला होता.

मोटरसायकली बनवणाऱ्या मोटो गुझ्झीचा कारखाना त्याच गावातला. १९५० मध्ये कंपनीने कारखान्याच्या आवारात वाऱ्याचा बोगदा बांधला. पूर्ण मापाची मोटरसायकल आत उभी करायची, तिच्यावर स्वार बसवायचा आणि प्रचंड पंख्याने समोरून वारा सोडायचा. मोटरसायकलसाठी असा बोगदा जगात पहिलाच मानला जातो आणि तो आजही तिथे उभा आहे. वारा कुठे अंगाला चिकटून वाहतो आणि कुठे सुटून भोवऱ्यात जातो, हे तिथे तासन्‌तास पाहता येत होतं. रस्त्यावर ते डोळ्यांना कधीच दिसत नाही.

एवढा खर्च का केला, ते साध्या हिशेबाने कळतं. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो आणि तो कापायला लागणारी ताकद आठपट. उघड्या गाडीवर ताठ बसलेल्या माणसाचा हिशेब मांडून पाहा. ताशी ४० किलोमीटरला वाऱ्यापायी एक अश्वशक्तीसुद्धा जात नाही. ८० ला पाचेक जातात. १६० ला चाळिसाच्या वर! म्हणून शहरात सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या गाडीला डूम लावून पेट्रोल वाचत नाही, हे मी गिऱ्हाइकाला सरळ सांगतो. हायवेला रोज ऐंशीने जाणाऱ्याची गोष्ट वेगळी.

गुझ्झीचे अभियंते जुलिओ चेझारे कारकानो यांच्याकडे शर्यतीसाठी ३५० सीसीचं एका सिलिंडरचं, आडवं ठेवलेलं इंजिन होतं. ताकद अखेरीस ३८ अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे वरच्या हिशेबाने १६० लाही न पुरणारी. प्रतिस्पर्धी गिलेराची चार सिलिंडरची यंत्रं कितीतरी जोरदार. कारकानोंनी ताकदीचा नाद सोडून गाडी शंभर किलोच्या आत आणली, बुटकी केली आणि पुढचं चाक, हँडल, स्वाराचे हात, गुडघे असं सगळं एका गुळगुळीत पत्र्याच्या कवचात घेतलं. हेच ते डस्टबिन फेअरिंग. तेवढ्याच ताकदीवर ती गाडी दोनशेच्या पुढे पळाली आणि १९५३ ते १९५७ अशी सलग पाच वर्षं ३५० सीसीचं जगज्जेतेपद गुझ्झीकडे राहिलं. मला या पाच वर्षांचं मोल फार वाटतं. इंजिनात जास्त पेट्रोल न जाळता, नुसत्या आकाराच्या जोरावर मिळवलेलं यश आहे ते.

पण याच कवचाने जीव धोक्यात घातले. पुढचं चाक झाकलं की गाडीच्या पुढच्या भागात मोठं सपाट अंग तयार होतं. बाजूने वारा आला की तो नेमका तिथे बसतो आणि गाडीचं तोंड फिरवतो. हँडल पुरेसं वळवता येत नाही, ब्रेकच्या ड्रमला हवा कमी मिळते. १९५७ च्या जूनमध्ये शर्यतपटू बॉब मॅकिन्टायर यांनी कवचबंद गिलेरावर आइल ऑफ मॅनच्या रस्त्यांवर शंभर मैल सरासरीची पहिली फेरी मारली. त्याच वर्षाअखेर कवचाचा काळ संपला. १९५८ च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय संघटना एफआयएमने पूर्ण कवचावर बंदी घातली. पुढचं चाक बाजूने उघडं दिसलं पाहिजे, स्वारही दिसला पाहिजे.

पुढच्या चाकाबद्दलचा निर्णय रास्तच होता. मला खंत आहे ती शेपटीची. गाडीचा कुठलाही भाग मागच्या टायरच्या पलीकडे जाऊ नये, असं शर्यतीचे नियम आजही सांगतात, आणि वारा गाडीला खरा अडवतो तो मागूनच. गोलसर नाकाला तो मुकाट वाट देतो. स्वाराच्या पाठीशी मात्र तो एकदम फाटतो, मागे कमी दाबाची पोकळी राहते आणि ती गाडीला सतत मागे ओढत असते. पाठीपासून हळूहळू निमुळती होत जाणारी शेपटी ही पोकळी भरून काढते. माझ्या मते, शर्यतीतल्या गाडीसारखं दिसण्याच्या हौसेपायी ती बंदी आपण रस्त्यावरच्या गाड्यांनाही लावून घेतली. मागचा भाग आखूड, वर उचललेला आणि टोकाला तुटका. यात डोळ्यांची हौस भागते, वाऱ्याचं काहीच भागत नाही.

१९७६ मध्ये बीएमडब्ल्यूने आर १०० आरएस काढली. तिचं फेअरिंग पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीच्या वाऱ्याच्या बोगद्यात घडवलेलं. लांबच्या प्रवासात हात, छाती, गुडघे वाऱ्यापासून झाकणारं ते फार विचारी काम आहे. एक घडीव तुकडा म्हणूनही मी त्याच्यासमोर हात जोडतो. पण पाठीमागचं कोडं तिथेही तसंच राहिलं.

ते हातात घेतलं अमेरिकेच्या क्रेग व्हेटर यांनी. विंडजॅमर नावाची फायबरची फेअरिंगं विकून त्यांनी नाव कमावलं होतं. म्हणजे माझ्याच धंद्यातला माणूस. १९८० पासून त्यांनी कॅलिफोर्नियात कमीत कमी पेट्रोल जाळण्याच्या स्पर्धा भरवल्या. त्यात एफआयएमचा नियम नव्हता. स्पर्धक लहान इंजिनं घेऊन आले आणि लांब शेपट्यांची कवचं स्वतःच्या हाताने बांधून आणली. १९८५ मध्ये मात्सू मात्सुझावा यांनी गॅलनला ४७० मैल काढले. आपल्या भाषेत लिटरला दोनशे किलोमीटर. पुढे बऱ्याच वर्षांनी व्हेटर यांनी या स्पर्धा पुन्हा सुरू केल्या तेव्हा नुसतं अ‍ॅव्हरेज पुरेसं मानलं नाही. गाडी हायवेच्या वेगाने चालली पाहिजे, माणूस आरामात बसला पाहिजे आणि किराणाच्या पिशव्या आत मावल्या पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. त्या पिशव्यांना सगळ्यात सोयीची जागा सापडते ती शेपटीतच.