गंभीर आजार आणि बाललैंगिक अत्याचारातील शिक्षा

बालकावरील लैंगिक अत्याचारात दोषी ठरलेली व्यक्ती गंभीर आजारी असेल, तर शिक्षा ठरवताना त्या आजाराला किती वजन द्यावे, हा न्यायालयांपुढे वारंवार येणारा प्रश्न आहे. भारतीय कायद्यात आजाराने दोष पुसला जात नाही आणि किमान शिक्षाही घटत नाही. त्याचा विचार प्रामुख्याने किमान व कमाल यांमधील मुदत ठरवताना, फाशीच्या प्रश्नावर आणि शिक्षेच्या अंमलबजावणीत होतो.

कायद्याची चौकट : लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पॉक्सो) १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झाला. २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा वाढल्या. कलम ४ खाली किमान १० वर्षे, बालक १६ वर्षांखालील असल्यास किमान २० वर्षे, आणि कलम ६ खाली किमान २० वर्षांपासून फाशीपर्यंत शिक्षा होते. बलात्काराच्या शिक्षेत ‘पुरेशी व विशेष कारणे’ नोंदवून किमान मर्यादेखाली जाण्याची भारतीय दंड संहितेतील मुभा २०१३ मध्ये काढून टाकण्यात आली. त्यामुळे हृदयविकार किंवा कर्करोगाच्या कारणावरून विशेष न्यायालयाला या मर्यादेखाली जाता येत नाही. उलट कलम ५ नुसार अत्याचारातून बालकाला एचआयव्ही किंवा अन्य जीवघेण्या रोगाची लागण झाल्यास गुन्हा अधिक गंभीर ठरतो.

शिक्षेवरील सुनावणी : उदाहरणार्थ, चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावातला खटला बुलडाणा जिल्ह्यातील विशेष न्यायालयात चालतो. त्यावरील अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जाते. दोष सिद्ध झाल्यावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८ (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २३५) नुसार आरोपीला शिक्षेबाबत म्हणणे मांडता येते. वय, आजारपण, घरातला एकटाच कमावता, अशी कारणे येथे पुढे येतात. बचाव पक्ष डिस्चार्ज कार्ड व तपासण्यांचे अहवाल दाखल करतो, तर सरकारी वकील बालकाचे वय, झालेली इजा आणि विश्वासघात यांवर बोट ठेवतात. आजार खरा आहे का, गुन्ह्याच्या वेळी होता का आणि तुरुंगात उपचार शक्य आहेत का, हे प्रश्न निर्णायक असतात. घटनेच्या वेळी मनोविकारामुळे कृत्याचे स्वरूपच कळत नसेल, तर तो शिक्षेचा नव्हे, दायित्वाचा प्रश्न होतो.

फाशी आणि मनोविकार : या विषयावरील महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातील आहे. दोन अल्पवयीन मुलींवर बलात्कार करून त्यांची हत्या करणाऱ्या कैद्याची फाशी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये ‘आरोपी एक्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात रद्द केली. शिक्षेनंतर जडलेला तीव्र मनोविकार हे सौम्यतेचे कारण होऊ शकते, असे न्यायालयाने म्हटले. मात्र विकार इतका तीव्र हवा की कैद्याला फाशीचा अर्थ व कारण उमगू नये. कैद्याची सुटका झाली नाही. उर्वरित आयुष्य तुरुंगात काढण्याची शिक्षा देऊन उपचारांची जबाबदारी शासनावर टाकण्यात आली.

शिक्षेची अंमलबजावणी : शारीरिक आजाराचा दिलासा बहुधा याच टप्प्यावर मिळतो : तुरुंगाबाहेर उपचार, पॅरोल, अपिलाच्या काळात शिक्षेला स्थगिती. अल्पवयीन मुलीवरील बलात्काराबद्दल २०१८ मध्ये जोधपूर न्यायालयाने जन्मठेप दिलेल्या आसाराम बापूला ऑगस्ट २०२४ मध्ये खोपोली येथील रुग्णालयात उपचारांसाठी सात दिवसांची पॅरोल मिळाली, तर जानेवारी २०२५ मध्ये वैद्यकीय कारणावरून अंतरिम जामीन मिळाला. या आदेशांनी जन्मठेप कमी केली नाही. कोविडकाळात महाराष्ट्राने ८ मे २०२० रोजी तातडीच्या पॅरोलची तरतूद केली, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने पॉक्सोखालील कैद्यांना ती लागू नसल्याचे ठरवले.

इतर देश : इंग्लंडमध्ये तातडीचे, सघन वा दीर्घ उपचार लागणारा आजार हा सौम्यतेचा घटक म्हणून मार्गदर्शक तत्त्वांत नोंदलेला आहे, परंतु गुन्ह्याच्या गांभीर्याशी त्याचा तोल साधावा लागतो.

बालकाचा हक्क : आरोपीच्या प्रकृतीमुळे बालकाची भरपाई अडत नाही. पॉक्सोच्या कलम ३३ नुसार विशेष न्यायालय ती मंजूर करू शकते, तर राज्याच्या मनोधैर्य योजनेतूनही पीडितांना अर्थसाहाय्य मिळते. आजारी कैद्याला उपचार देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. त्याची किंमत बालकाला मोजावी लागू नये, हेच या विषयातील न्यायाचे सूत्र होय.