दोष पंपाचा की पाण्याचा?

सोसायटीला पंचवीस वर्षे झाली. इमारतींचे फोटो या अंकात येतीलच. मला लिहायचे आहे विहिरीवरच्या पंपाबद्दल.

लोणावळ्यात पाणी कमी पडते, हे पाहुण्यांना खरे वाटत नाही. इथलेच पाणी सुमारे पाचशे मीटर खाली उतरून १९१५ पासून टाटांच्या खोपोली केंद्रात वीज तयार करते. खाली जायला पाण्याला कोणी लागत नाही. वर चढवायला मात्र पंप लागतो, आणि पंप म्हटला की बिघाड आलाच.

गॅलिलिओच्या १६३८ च्या ग्रंथात अशाच एका बिघाडाची हकिकत आहे. पंप पाणी देईना म्हणून कारागिराला बोलावले. तो म्हणाला, दोष पंपात नाही, पाणीच फार खोल गेले आहे. अठरा हातांपलीकडे, म्हणजे साधारण दहा मीटरांपलीकडे, असा पंप पाणी उचलत नाही. असे का, याचा उलगडा १६४४ च्या सुमारास टोरिचेल्लीने केला. पंप पाणी ओढत नाही. बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब १०.३ मीटर पाणी तोलतो. लोणावळा सव्वासहाशे मीटर उंचीवर, म्हणून इथे जेमतेम साडेनऊ. पाइपातले घर्षण वगैरे वजा जाता हाती राहतात सहा-सात मीटर.

मे महिन्यात विहीर खाली गेली की आपला पंप खडे घोळल्यासारखा वाजायचा. "मोटारच गेली" म्हणून ती दोनदा रिवाइंडिंगला पाठवली. पैसे गेले, पाणी काही आले नाही. आपल्या जुन्या मेकॅनिककाकांनी आधी अँपिअरमीटर पाहिला. काटा नेहमीपेक्षा वर असेल तर बेअरिंग धरले, इम्पेलर अडकला किंवा व्होल्टेज कमी आहे. काटा खाली असेल तर पंपाला पाणीच मिळत नाही. मग पातळी, फुटव्हॉल्व्ह आणि सक्शनचे सांधे बघायचे. त्या दिवशी काटा खाली होता. फुटव्हॉल्व्ह, सांधे ठीक निघाले. काकांनी पंप विहिरीतल्या कट्ट्यावर दीड मीटर खाली बसवला आणि टाकी भरली!

काका आता थकलेत, गावी असतात. त्यांचे हे ज्ञान कुठेच लिहिलेले नाही. बँकेत रोजकीर्द जुळल्याशिवाय आमचा दिवस संपत नसे. तशी एक वही पंपाजवळ ठेवू या: रोजची पातळी, अँपिअर, व्होल्टेज. पुढच्या मे महिन्यात मोटार खोलण्याआधी ती वही उघडा, एवढीच विनंती.