बॅकअप सॉफ्टवेअरचा परवाना

संस्थेच्या माहितीच्या प्रती राखणारे सॉफ्टवेअर किती प्रमाणात वापरता येईल, हे ठरवणारा करार. खरा प्रश्न असतो मोजायचे काय?

२००६ मध्ये स्थापन झालेली, बॅकअप सॉफ्टवेअर बनवणारी वीम कंपनी सुरुवातीला सर्व्हरमधील प्रोसेसरच्या सॉकेटनुसार (प्रोसेसर बसवायच्या जागांनुसार) पैसे घेई. एका सॉकेटवर कितीही आभासी मशिन (सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) चालवा, दर तोच, ग्राहक खूश. पुढे क्लाउड आला, तिथे सॉकेट दिसेनासे झाले. मग कंपनीने फिरता परवाना आणला: एका परवान्यात एक आभासी मशिन किंवा तीन वर्कस्टेशन.

दुसरी रीत क्षमतेची, आणि घोळ इथेच होतो. ‘फ्रंट-एंड’ टेराबाइट म्हणजे मूळ माहितीचा आकार, ‘बॅक-एंड’ म्हणजे साठवलेल्या प्रतींचा. मूळ माहिती ५० टेराबाइट आणि साठलेल्या प्रती २०० टेराबाइट असतील, तर पहिल्या हिशेबात ५०, दुसऱ्यात २०० भरतात. नेटबॅकअप या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये फ्रंट-एंड मोजणी रुळली. आयबीएमने बॅक-एंड मोजणीही वापरली.

२००० मध्ये कर्न सिबाल्ड यांनी सुरू केलेले बाक्युला हे बॅकअप सॉफ्टवेअर मात्र मुक्तस्रोत आहे. परवान्याचे शुल्क नाही. पण ते चालवणारा जाणकार पगारावर ठेवावा लागतो.

मुदतीच्या परवान्यात नूतनीकरण चुकले, तर नव्या प्रती घेणे थांबू शकते. जुन्या प्रती परत मिळतील का, हे करारातच पाहावे.