महामारी आणि शरीराचें संरक्षण

मुंबई बेटावरील व साष्टींतील आमच्या जुन्या गांवठाणांतून जे दगडी क्रूस दिसतात, त्यांपैकीं कित्येक १८९६ नंतरच्या प्लेगच्या संकटांत आमच्या पूर्वजांनीं उभारले. ज्या शत्रूपासून त्यांनीं संरक्षण मागितलें, त्याचें स्वरूप जाणून घेणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

त्या वर्षाच्या सप्टेंबरांत मांडवी येथें हा रोग शिरला आहे, असें निदान गोमंतकांतील हडफडें गांवीं जन्मलेले डॉ. अकासियो गाब्रियल व्हिएगस यांनीं केलें. रोगाचा जंतु दोनच वर्षांपूर्वीं, १८९४ सालीं, हाँगकाँग येथें आलेक्सांद्र येर्सिन यांस सांपडला होता. परंतु तो माणसाच्या अंगांत कसा शिरतो, हें गूढच होतें. म्हणून मोऱ्या धुतल्या, घरांस चुना लावला, रोग्यांस बळजबरीनें इस्पितळांत नेलें. तरी रोग हटेना. १८९८ सालीं कराचींत पॉल-लुई सिमों यांनीं दाखविलें कीं, उंदरावरील पिसू हीच या जंतूची वाहक होय. पुष्कळांस तें त्या वेळीं पटलें नाहीं.

उंदीर मेला कीं उपाशी पिसू माणसास चावते. जंतु जवळच्या ग्रंथींत पोहोंचतात आणि काखेंत किंवा जांघेंत गांठ येते. ती गांठ म्हणजे रणांगणच. रक्तांतील पांढऱ्या पेशी जंतूंस गिळूं पाहतात. पण हा जंतु त्यांस निकामी करितो, आणि पुरेशीं प्रतिपिंडें तयार होण्यापूर्वींच रोगी पुष्कळदां दगावतो. शरीरास शक्ति असते. वेळ मिळत नाहीं.

तो वेळ मिळवून देणें हेंच लशीचें कार्य. ओडेसा येथें जन्मलेले यहुदी शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत जंतु वाढवून, उष्णतेनें मारून लस केली, व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. मेलेला जंतु रोग देत नाहीं, पण शरीरास शत्रूची ओळख करून देतो. हें संरक्षण पूर्ण वा कायमचें नव्हतें. तरी मृत्यु कमी झाले. १९०२ सालीं पंजाबांत मलकोवाल येथें एका दूषित बाटलीमुळें १९ माणसें धनुर्वातानें मृत्यु पावलीं. ठपका हाफकिन यांजवर आला. १९०७ सालीं ते निर्दोष ठरले, आणि १९२५ सालीं परळच्या प्रयोगशाळेस त्यांचें नांव देण्यांत आलें.

आज वेळींच प्रतिजैविकें दिल्यास प्लेग बरा होतो. त्या क्रुसांपुढें मेणबत्ती लावितांना आम्ही दिवंगतांसह या वैद्यांचेंही कृतज्ञतेनें स्मरण करावें, आणि आपल्या लेंकरांस लस टोंचविण्यांत कधींही कुचराई करूं नये.