कर्जफेडीची फेररचना : हप्ता घटतो, खर्च वाढतो

कर्जाचे हप्ते थकू लागले की कर्जदार बँकेकडे सवलतीची मागणी करतो. बँक अशा वेळी परतफेडीची मुदत वाढवते, काही काळ हप्ते स्थगित ठेवते किंवा ठरावीक रक्कम स्वीकारून खाते बंद करते. या तिन्ही मार्गांनी कर्जदारास दिलासा मिळतो. मात्र त्यांपैकी कोणताही मार्ग विनामूल्य नसतो.

मुदतवाढ

पाच लाख रुपयांचे कर्ज १४ टक्के दराने तीन वर्षांत फेडायचे असल्यास मासिक हप्ता सुमारे १७,०८९ रुपये आणि एकूण व्याज सुमारे १ लाख १५ हजार रुपये होते. हीच मुदत पाच वर्षांची केल्यास हप्ता सुमारे ११,६३४ रुपयांवर येतो. परंतु व्याज सुमारे १ लाख ९८ हजारांवर जाते. दरमहा साडेपाच हजार रुपयांच्या सवलतीसाठी कर्जदार सुमारे ८३ हजार रुपये अधिक मोजतो.

हप्त्यांना स्थगिती

कोरोना साथीच्या काळात रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांतील हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती. या काळातील व्याजावर व्याज आकारू नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२१ रोजी दिला. मूळ व्याज मात्र माफ झाले नाही. स्थगिती म्हणजे माफी नव्हे, हे त्यावरून स्पष्ट झाले.

तडजोड

तडजोडीत थकबाकीचा काही भाग सोडून दिला जातो. त्याची किंमत पुढे मोजावी लागते. पतमाहिती अहवालात त्या खात्यापुढे 'सेटल्ड' अशी नोंद होते आणि ३०० ते ९०० या श्रेणीतील पतगुणांक घसरू शकतो. पूर्ण परतफेड करून बंद झालेल्या खात्यापेक्षा ही नोंद वेगळी असते. नवे कर्ज देणाऱ्या संस्थेस ती दिसते. रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये जाहीर केलेल्या चौकटीनुसार शेतीकर्ज वगळता अन्य कर्जांत तडजोड केलेल्या कर्जदारास तीच संस्था किमान १२ महिने नवे कर्ज देऊ शकत नाही.

शुल्क आणि दंड

प्रक्रिया शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. थकलेल्या हप्त्यासाठी व्याजदरात भर घालून दंड आकारण्यास रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाद्वारे मनाई केली. दंड स्वतंत्र शुल्क म्हणूनच घेता येतो आणि त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी सर्व खर्चांसह वार्षिक दर दर्शविणारे मुख्य तथ्य विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. त्यात नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीविना आकारता येत नाही.

कायद्याचा आधार

नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ मध्ये संमत झाली. तिच्यातील व्यक्तींविषयीच्या तरतुदी १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी लागू करण्यात आल्या. त्यामुळे सामान्य पगारदार कर्जदारासाठी बँकेशी होणारा लेखी करार हाच व्यवहारातील मुख्य मार्ग ठरतो.

करारापूर्वी काय विचारावे?

नव्या व्यवस्थेत अखेरपर्यंत एकूण किती रक्कम भरावी लागेल, कोणती शुल्के लागतील आणि पतमाहितीत कोणती नोंद होईल, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे घ्यावीत. खाते बंद होताच थकबाकी नसल्याचे प्रमाणपत्र मागावे. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यात नोंद तपासावी. बँकेने तक्रारीस ३० दिवसांत उत्तर न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.