जटा हौसेची आणि जट भीतीची

कोलाड (प्रतिनिधी) : भिऱ्याच्या जलविद्युत प्रकल्पातून सकाळी पाणी सोडले जाते आणि कोलाडजवळ कुंडलिकेच्या पात्रात राफ्टिंगच्या रबरी होड्या उतरतात. मुंबई-पुण्याहून आलेल्या तरुणांच्या या गर्दीत एखाद्या डोक्यावर दोरखंडासारख्या जटा दिसतात. हेल्मेट त्यावर नीट बसत नाही, पाण्यातून बाहेर आल्यावर त्या लवकर वाळत नाहीत. तरीही 'ड्रेडलॉक्स' या नावाने ओळखली जाणारी ही केशरचना हौसेने ठेवणाऱ्यांची संख्या शहरांत वाढली आहे. सलूनमध्ये पैसे मोजून घाईने जटा करून घेण्यापेक्षा त्या नैसर्गिकरीत्या वाढू द्याव्यात, असे वाटणारेही अनेक आहेत.

महाराष्ट्राला जटा नव्या नाहीत. साधू-बैराग्यांच्या जटा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. त्याचबरोबर केसांत गुंता झाला म्हणून 'देवीची जट आली' असे सांगून तो आयुष्यभर वागवायला लावलेल्या स्त्रियाही येथे आहेत. हौसेची जटा आणि भीतीची जट शरीरशास्त्राच्या दृष्टीने एकच. मात्र एक धुतली जाते आणि हवी तेव्हा कापता येते. दुसरीला पाणी लावण्याचीही चोरी असते. जटा वाढवू इच्छिणाऱ्याने प्रथम हा फरक समजून घेणे इष्ट ठरेल.

जट बनते कशी?

माणसाच्या डोक्यावरून दररोज साधारणपणे पन्नास ते शंभर केस गळतात. विंचरताना ते कंगव्यात येतात. त्यालाच आपण गुंतवळ म्हणतो. विंचरणे थांबवले, की ही गुंतवळ बाहेर न पडता शेजारच्या केसांत अडकून राहते. केसाच्या पृष्ठभागावर माशाच्या खवल्यांसारखे सूक्ष्म पापुद्रे असतात. ओले होणे, घासले जाणे आणि पुन्हा वाळणे या क्रमाने ते एकमेकांत गुंततात. ओली लोकर मळून नमदा तयार होतो, त्याचेच हे दुसरे रूप आहे.

कुरळ्या केसांत ही क्रिया लवकर होते, तर सरळ व गुळगुळीत केसांत तिला बराच वेळ लागतो. केसांची वाढ महिन्याला सुमारे सव्वा सेंटीमीटर, म्हणजे वर्षाला साधारण पंधरा सेंटीमीटर होते. जटा होताना केस आक्रसत असल्याने पहिल्या वर्षात लांबी वाढण्याऐवजी घटल्याचे वाटते. तोवर धीर धरावा लागतो.

सुरुवात कशी करावी?

उलटा कंगवा फिरवणे, बटांना पीळ घालणे किंवा क्रोशाच्या सुईने केस आत ओढून घेणे या पद्धतींनी एका दिवसात जटांचा आकार येतो. मात्र त्यात केस तुटतात आणि मुळांवर ताण पडतो. नैसर्गिक पद्धतीत यांपैकी काहीच करायचे नसते. खांद्यापर्यंत किंवा किमान वीतभर वाढलेले केस स्वच्छ धुवावेत, कंगवा बाजूला ठेवावा आणि केसांना त्यांच्या कलाने गुंतू द्यावे, इतकाच तिचा विधी आहे.

तथापि 'काहीच न करणे' म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे. प्रत्येक वेळी केस धुतल्यानंतर टाळूजवळ बोटे घालून शेजारच्या बटा एकमेकींपासून अलग कराव्या लागतात. हे न केल्यास काही महिन्यांत सगळ्या बटा एकत्र होऊन डोक्यामागे एकच जाड थर तयार होतो. टाळूपर्यंत पाणी पोहोचत नाही आणि तो थर पुढे सोडवताही येत नाही. बट फार बारीक राहिल्यास वाढत्या वजनाने ती मुळाशी तुटू शकते. म्हणून शेजारच्या दोन अगदी बारीक बटा एक होत असतील, तर त्यांना एक होऊ द्यावे.

पहिले तीन-चार महिने डोके विस्कटलेले दिसते. सहा महिन्यांच्या सुमारास गाठी धरू लागतात. केसांच्या जातीनुसार वर्ष ते दोन वर्षांत जटा घट्ट होतात. या काळात मेण, जेल किंवा चिकट क्रीम लावून त्या 'बसवण्याचा' मोह टाळावा. मेण धुऊन निघत नाही. त्यावर धूळ बसते आणि आत ओल कोंडून राहते.

धुणे आणि वाळवणे

जटाधाऱ्याने केस धुऊ नयेत हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. तेलकट केस एकमेकांवरून घसरतात, स्वच्छ केस गुंततात. जटा चांगल्या व्हाव्यात यासाठीही त्या आठवड्यातून एकदा-दोनदा धुणे आवश्यक आहे. ज्या शाम्पूत कंडिशनर मिसळलेला नाही, असा साधा शाम्पू टाळूवर लावून बोटांच्या पेरांनी चोळावा. फेस जटांमधून खाली वाहू द्यावा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत केस धुवावेत.

घरगुती पर्यायांपैकी रिठ्याचे पाणी चालते. ते फडक्यातून दोनदा गाळून घ्यावे आणि डोळ्यांत जाऊ देऊ नये. शिकेकाईची भुकटी किंवा मेंदी थेट लावू नये. तिचे कण जटेच्या आत अडकतात आणि पुढे कित्येक महिने निघत नाहीत. खोबरेल तेलाने माखण्याची आपली जुनी सवयही येथे सोडावी लागते. टाळू कोरडी पडली, तर बोटावर दोन-चार थेंब घेऊन ते फक्त टाळूला लावावेत.

धुण्यापेक्षा वाळवणे अधिक महत्त्वाचे आहे. जाड जट बाहेरून कोरडी वाटली, तरी आतून कित्येक तास ओली राहते. अशा ओलीत बुरशी वाढू शकते. कुबट वास ही त्याची पहिली खूण असते. रोहा तालुक्यात पावसाळ्यात कपडेही दिवसेंदिवस वाळत नाहीत, तेथे केसांची काय कथा! कोकणात राहणाऱ्याने किंवा पावसाळी सहलीला येणाऱ्याने म्हणूनच ठरावीक क्रम पाळावा. केस सकाळी धुवावेत, सुती पंचात एकेक जट पिळून पाणी काढावे, शक्य असेल तेव्हा उन्हात, अन्यथा पंख्याखाली बसावे आणि गरज पडल्यास कोमट हवेचा ड्रायर वापरावा. ओल्या जटा बांधून ठेवू नयेत आणि त्या ओल्या असताना झोपू नये.

राफ्टिंग, पोहणे किंवा धबधब्याखाली भिजणे झाल्यास त्याच दिवशी स्वच्छ पाण्याने केस धुवावेत. नदीच्या पाण्यातील गाळ आणि समुद्राच्या पाण्यातील मीठ जटेत साठून राहते.

हेल्मेट, उशी आणि उवा

हेल्मेट डोक्यावर घट्ट बसले तरच उपयोगाचे, मग ते दुचाकीवर असो वा होडीत. जटांचा अंबाडा डोक्यावर बांधून त्यावर हेल्मेट टेकवणे धोक्याचे आहे. जटा मानेवर सैल बांधाव्यात, हेल्मेट मोठ्या मापाचे घ्यावे आणि हनुवटीखालचा पट्टा आवळल्यावर ते हलत नाही ना, हे पाहावे. तेवढे जमत नसेल तर नदीत उतरू नये.

उशीच्या सुती अभ्र्याचे तंतू जटेत अडकतात. त्याऐवजी साटिनचा गुळगुळीत अभ्रा वापरता येतो. उवा झाल्यास मात्र पंचाईत होते, कारण जटांतून बारीक दातांची फणी फिरवता येत नाही. औषधाने उवा मेल्या तरी लिखा आत राहू शकतात. अशा वेळी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि केस कापण्याची तयारीही ठेवावी.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

टाळू दुखणे, पुटकुळ्या येणे, खपल्यांसारखा कोंडा धरणे, सतत खाज सुटणे किंवा धुऊनही वास न जाणे ही त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्याची कारणे आहेत. कपाळावरची आणि कानांजवळची केसांची रेषा मागे सरकत असेल, तर अधिक सावध व्हावे. केस सतत ओढले गेल्याने त्यांची मुळे दुबळी होतात. वेळीच ताण कमी केला तर केस पुन्हा येतात, परंतु वर्षानुवर्षे ताण राहिल्यास टक्कल कायमचे होऊ शकते. जटा घट्ट आवळून बांधण्याची सवय म्हणून सोडावी.

तीच जट, पण लादलेली

पाश्चात्त्य जगात या केशरचनेचा प्रसार झाला तो जमैकातील रास्ताफारी पंथामुळे. १९३० मध्ये इथिओपियाचे सम्राट झालेले हेले सेलासी, जे पूर्वी रास तफारी म्हणून ओळखले जात, यांना दैवी मानणारा हा पंथ त्याच दशकात उदयाला आला. डोक्याला वस्तरा न लावण्याच्या बायबलमधील व्रताशी या पंथाचे अनुयायी जटांचे नाते जोडतात. गायक बॉब मार्ली आणि हॉलंडचा फुटबॉलपटू रूड गुलीट यांच्यामुळे ती रचना जगभरच्या तरुणांपर्यंत पोहोचली. ती स्वीकारणाऱ्यांनी स्वतःच्या मर्जीने स्वीकारली.

कोलाडहून ताम्हिणी घाट ओलांडून पुण्याकडे आणि तेथून खाली कोल्हापूर, सांगली, सोलापूर व बेळगावच्या पट्ट्यात गेले, की चित्र बदलते. लांब केस नीट न विंचरल्याने, आजारपणात अंथरुणाला खिळल्याने किंवा केस डोक्यावर गोळा करून चोळून धुतल्याने गुंता होतो. तो सोडवण्याऐवजी सौंदत्तीच्या यल्लम्माचे बोलावणे आले, असा अर्थ काढला जातो. मग त्यावर तेल, हळदीचा भंडारा आणि कुंकू वाहिले जाते. ते चिकटल्याने गुंता आणखी घट्ट होतो. कापल्यास देवीचा कोप होईल, घरात कोणी मरेल, अशी भीती घातली जाते. जट आलेल्या मुलीला देवीला सोडून जोगतीण करण्याची प्रथाही याच समजुतीतून पोसली गेली. राजीव पाटील दिग्दर्शित 'जोगवा' या २००९ मधील चित्रपटाने हेच वास्तव शहरी प्रेक्षकांसमोर आणले. देवदासी प्रथेविरुद्ध कर्नाटकाने १९८२ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५ मध्ये कायदा केला. मात्र केसांच्या गुंत्याला देवत्व देणारी समजूत कायद्याने एकाएकी जात नाही.

अशा स्त्रियांना मानदुखी, डोकेदुखी, उवा, दुर्गंधी यांचा त्रास होतो. कुशीवर धड झोपताही येत नाही. लोक जवळ बसायचे टाळतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जट निर्मूलन हा आपल्या कामाचा भाग केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली, परंतु हे काम थांबले नाही. पुण्यातील कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी अनेक स्त्रियांच्या घरी जाऊन, त्यांची समजूत घालून जटा कापल्या आहेत. या कामात कात्री चालवायला थोडाच वेळ लागतो. खरा वेळ जातो तो संबंधित स्त्रीची आणि तिच्या घरच्यांची भीती घालवण्यात. बळजबरीने जट कापली आणि पुढे घरात योगायोगाने काही विपरीत घडले, तर दोष त्या कापण्याला दिला जातो. म्हणूनच तिची स्वतःची संमती महत्त्वाची ठरते.

ही समजूत केवळ आपल्याकडचीच आहे, असेही नाही. पोलंडमध्ये केसांच्या अशा गुंत्याला शरीरातील आजार बाहेर पडल्याची खूण मानत आणि तो कापल्यास माणूस आंधळा किंवा वेडा होईल, असे समजत. एकोणिसाव्या शतकात क्राकोव्ह येथील वैद्यक योझेफ डिएट्ल यांनी हा आजार नसून अस्वच्छतेचा परिणाम आहे, असे ठामपणे मांडले. वैद्यकशास्त्रात अशा जटेला आजही 'प्लायका पोलोनिका', म्हणजे पोलंडची जट, असेच नाव आहे.

काढायच्या असतील तर

काही महिन्यांच्या जटा सोडवता येतात. कोमट पाण्यात भिजवून, भरपूर कंडिशनर लावून, टोकापासून मुळाकडे थोडे थोडे करीत रुंद दातांच्या कंगव्याने त्या मोकळ्या कराव्यात. यास कित्येक तास, कधी काही दिवसही लागतात. साठलेली गुंतवळ एकदम बाहेर पडल्याने टक्कल पडल्याचा भास होतो, पण ते केस पूर्वीच गळलेले असतात. जुन्या, घट्ट झालेल्या जटांना कापणे हाच सोपा उपाय आहे. टाळूपासून बोटभर अंतर सोडून कात्री लावावी. केसाच्या बाहेर आलेल्या भागात रक्तवाहिनी नसते आणि वेदनाही नसते. त्यामुळे जट कापल्याने रक्त येते, ही समजूत खोटी आहे.

थोडक्यात

- कंगवा बंद करावा, पाणी बंद करू नये.
- प्रत्येक धुण्यानंतर मुळाशी बटा अलग कराव्यात.
- मेण, जेल, मेंदी आणि तेलाचा थर टाळावा.
- जट आतपर्यंत वाळल्याशिवाय बांधू नये आणि झोपू नये.
- दुखणे, खाज किंवा वास असल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.
- घरात, शेजारी कोणाच्या केसांत गुंता झाला असेल, तर तो लहान असतानाच सोडवण्यास मदत करावी.

कुंडलिकेवर आलेल्या तरुणाला पुढच्या महिन्यात जटांचा कंटाळा आला, तर तो कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जाऊन मोकळा होईल आणि त्याला कोणी जाब विचारणार नाही. तेवढीच मोकळीक सीमाभागातल्या एखाद्या बाईला तिच्या घरात मिळावी, एवढेच जट निर्मूलनाच्या कामाचे मागणे आहे.